मोघेकाकांना चंद्र पुरा दिसेना

चष्म्याच्या धंद्यात मी एक्केचाळीस वर्षं काढली. इंदूरला, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून, म्हणजे राजघराण्याच्या समाध्यांपासून, दोन गल्ल्या आत आमचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे काचा घासायची खोली, आणि मधल्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वडिलांनी दुकान खोललं तेव्हा संस्थानी राज्य होतं. मी गादीवर बसलो तेव्हा मध्यप्रदेश नवानवा झाला होता आणि राजधानी भोपाळला गेली म्हणून अख्खं शहर रुसून बसलं होतं. माझा इतिहास इतकाच. बाकी कोणत्या साली काय झालं हे मला आठवत नाही, आणि आठवलं तरी ते वाचून तुम्हाला काय मिळणार?

गिऱ्हाइकं मात्र एकेक आठवतात. रशियाने पहिला उपग्रह सोडला त्या आठवड्यात सियागंजातले एक किराण्याचे व्यापारी धापा टाकत दुकानात आले आणि म्हणाले, "भिया, ऐसा नंबर लगा दो कि वो ऊपरवाला दिख जाए." मी म्हटलं, "सेठजी, आधी समोरचा तराजू दिसू द्या, गिऱ्हाईक दुवा देईल." रागावले नाहीत. हसले, बसले, तक्ता वाचला आणि चष्मा करून घेऊन गेले. पुढे आठ ग्रह एका राशीत आले आणि जग बुडणार अशी हूल उठली, तेव्हा एका बाईंनी आपल्या गाईसाठी काळा चष्मा मागितला होता. मी पोट धरून हसलो होतो. आता तो किस्सा सांगताना मला हसू येत नाही. त्या बाईला निदान दारच्या जनावराच्या डोळ्यांची काळजी होती. माझ्या दुकानात रोज येऊन बसणाऱ्या एका माणसाची नजर माझ्या डोळ्यांदेखत गेली आणि मी काचा घासत बसलो. त्याचीच ही हकिकत आहे. आजवर मी ती लिहून काढली नव्हती.

आधी धंदा समजून घ्या, म्हणजे माझी चूक कळेल. चष्म्याची काच येते ती जाड, खडबडीत. लोखंडी वाटीत कुरुंदाची पूड आणि पाणी घालून ती घासायची. आधी जाडी पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीवर, तांबडी पूड घेऊन चमक आणायची. जाड्या पुडीचा एक कण जरी बारीक पुडीत गेला तरी काचेवर ओरखडा उठतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. त्यामुळे आमची जात फार काटेकोर. हात दहा वेळा धुणारी, दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणारी.

नंबर काढायचा तर गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर तपासणीची चौकट चढवायची आणि एकेक काच घालून विचारायचं, "ही बरी की ती बरी?" तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली की नजर पास. आम्ही चष्मेवाले त्या शेवटच्या ओळीवर जगत होतो. गिऱ्हाइकाने ती घडाघडा वाचली की मी म्हणायचो, "झकास! पाच वर्षं बघायला नको."

मोघेकाका हे गिऱ्हाईक कमी आणि घरचे जास्त. माझ्या वडिलांचे दोस्त. त्यांचे आजोबा सरकारवाड्यातल्या घड्याळांना चावी द्यायचे, आणि काका स्वतः कापडमिलमध्ये टाइमकीपर होते. मिलचा भोंगा त्यांच्या घड्याळावर वाजायचा. रिटायर झाल्यावर रोज सकाळी अकराला ते माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसत. अकरा म्हणजे अकरा. मी त्यांना पाहून भिंतीवरचं घड्याळ लावायचो.

त्यांना वेड आकाशाचं. उपग्रह, रॉकेटं, चंद्राचे फोटो, जे काही पेपरात येईल ते कापून एका जाड रजिस्टरमध्ये डकवायचं. हिंदी पेपर, मराठी पेपर, इंग्रजी पेपर, तिन्हीतलं. काकू कुरकुर करायच्या की रद्दीवाला आमचे पेपर घेत नाही, म्हणतो यात तर खिडक्या आहेत.

एके दिवशी ते मला म्हणाले, "विनू, तू काचा घासतोस. दुर्बीण का करत नाहीस?"

"दुर्बिणीला आरसा लागतो काका, चष्म्याची काच नाही."

"मग आरसा घास. घासणं घासणंच."

"कशाला पाहिजे?"

"माणूस चंद्रावर उतरणार आहे. हे लोक उतरवणार म्हणजे उतरवणार. आणि तो उतरायच्या आधी ती जागा मला माझ्या डोळ्यांनी बघायची आहे. पेपरात नाही. पेपरात आपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतो."

माझा स्वभाव असा की कोणी म्हटलं होणार नाही, तर मी करून दाखवणार. काकांना ते ठाऊक होतं. त्यांनी फक्त इतकं म्हटलं, "तुला जमणार नसेल तर राहू दे." झालं! सियागंजातल्या एका भंगारवाल्याकडून जहाजाच्या खिडकीच्या दोन जाड काचा मिळवल्या. एकीवर दुसरी ठेवून मध्ये कुरुंद घालून घासत राहिलं की वरची हळूहळू खोलगट होते. ती खोलगट काच म्हणजे दुर्बिणीचा आरसा. ऐकायला सोपं. मला नऊ महिने लागले, आणि त्या नऊ महिन्यांत दुकानाची कामं मागे पडली म्हणून बायकोची बोलणी खाल्ली ती वेगळी. शेवटी चांदीचा मुलामा चढवला, पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमधून चार फुटांची पत्र्याची नळी करून आणली, आणि डोळा लावायच्या जागी बसवायची भिंगं मी स्वतः घासली. ती दुर्बीण मी आजही कोणाला दाखवताना छाती पुढे काढतो. खोटं कशाला बोलू?

दुर्बीण तयार झाली ती थंडीत, तीन माणसं चंद्राला फेरी मारून सुखरूप परत आली त्याच सुमाराला. काका हरखून गेले होते. त्यांच्या गच्चीवर आम्ही ती उभी केली. संध्याकाळी दिवेलागणीलाच अर्धा चंद्र डोक्यावर आला होता. आधी मी पाहिलं. अर्ध्या चंद्राची कड, तिच्यावरचे खड्डे, त्या खड्ड्यांच्या सावल्या, सगळं लख्ख. भोवती काळं आकाश सुद्धा उरलं होतं. मी बाजूला झालो आणि काकांना म्हटलं, "या. तुमचा मान."

काका वाकले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सुंदर आहे रे. पण तुकडाच दिसतो."

"कसला तुकडा?"

"मधला. नळी जरा सरकवली की दुसरा तुकडा. चंद्र पुरा कुठे दिसतो?"

मी पुन्हा डोळा लावला. पुरा दिसत होता. म्हटलं, "काका, चष्मा काढून बघा." त्यांनी चष्मा काढून पाहिलं. म्हणाले, "आता तुकडाच, आणि तोही पुसट."

तेव्हा मला आमच्या धंद्यातलं एक कारण सुचलं, आणि दुर्दैव असं की ते कारण खरं होतं. चष्मा लावून दुर्बिणीत पाहिलं तर डोळा भिंगापासून लांब राहतो, आणि लांब राहिला की कडेचं कापलं जातं. बरं, चष्मा काढावा तर काकांच्या नंबरात सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर होता, तो नुसती दुर्बीण मागेपुढे करून भरून निघत नाही. म्हणजे दोष भिंगात. असं भिंग पाहिजे की चष्म्यासकट लांबून पाहिलं तरी सगळं दिसावं. मी काकांना म्हटलं, "पंधरा दिवस द्या. दुसरं करतो."

तुम्ही म्हणाल, अरे, तू चष्मेवाला, तुला डोळ्याचा संशय कसा आला नाही? आला नाही. दिवाळीतच मी त्यांचे डोळे तपासले होते. शेवटची ओळ त्यांनी दोन्ही डोळ्यांनी, एकदाही न अडखळता वाचली होती. मीच म्हटलं होतं, झकास. ज्या डोळ्याला मी पास केलं त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःवर घ्यायचा. भिंगावर घेणं सोपं होतं, भिंग पुन्हा घासता येतं.

पंधरा दिवस म्हटले त्याचे पाच महिने झाले. एक भिंग केलं, दुसरं केलं, तिसरं केलं. दर महिन्याला चंद्र संध्याकाळच्या आकाशात आला की आम्ही गच्चीवर. काका बघायचे आणि भल्या मनाने म्हणायचे, "आता जरा बरं वाटतं." मग थोडं थांबून, "पण पुरा नाही." मला राग यायचा. त्यांच्यावर नाही, काचेवर. खोलीत जाऊन पुन्हा कुरुंद भिजवायचो.

आणि याच पाच महिन्यांत काका दुकानात चहाचा ग्लास पाडायचे. एकदा नाही, चार वेळा. दाराशी ठेवलेल्या खोक्याला ठेचकाळायचे. सियागंजात एका सायकलवाल्याची धडक बसली, कोपर सोलवटलं. मी मलमपट्टी करताना त्यांना ओरडलो, "लक्ष कुठे असतं काका? आता चंद्रावरच राहायला गेलात वाटतं!" ते ओशाळून म्हणाले, "कुठून आला कळलंच नाही रे." हे वाक्य माझ्या कानांनी ऐकलं. तक्त्यावरची सगळ्यात बारीक अक्षरं वाचणारा माणूस अंगावर आलेली सायकल दिसली नाही म्हणतो, आणि मी त्याला वरून झापतो. इतका मी हुशार.

जून लागला. पेपरात आता रोज चंद्र. माणसं जुलैत उतरणार हे ठरलं होतं, कोणत्या मैदानावर ते नकाशासकट छापून आलं होतं. काकांनी तो नकाशा रजिस्टरमध्ये न डकवता खिशात ठेवला होता. पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा तरी चंद्र नीट बघून घेऊ म्हणून मी चौथं भिंग घासायला बसलो होतो.

त्या आठवड्यात काकूंनी मला आमरसाच्या जेवणाला बोलावलं. पानं मांडली, काका आणि मी समोरासमोर. काकूंनी वाढता वाढता गाऱ्हाणं सुरू केलं. "विनायक, तुम्हीच बघा. डावीकडची चटणी, कोशिंबीर, सगळं तसंच राहतं यांचं. कडेला पोळी वाढली तर तिला हात लावत नाहीत आणि वर मलाच विचारतात, पोळी नाही का वाढली? चाळीस वर्षांत माझ्या हाताला नावं ठेवली नाहीत, आता न बोलता ठेवतात."

"अगं दिसलं तर खाणार ना," काका म्हणाले. सहज म्हणाले.

माझा हात पानातच थांबला. मी म्हटलं, "काका, जरा भाताकडे बघत राहा. नजर हलवू नका." त्यांनी पाहिलं. मी त्यांच्या पानाजवळची रसाची वाटी उचलून जरा बाजूला धरली. "वाटी दिसते?"

"कोणती वाटी?"

वाटी त्यांच्या पानापासून वीतभरही लांब नव्हती. मी ती उजवीकडे धरली. "आता?"

"तू वाटीचं काय घेऊन बसलास? जेव ना."

मी वाटी खाली ठेवली. चंद्र पुरा का दिसत नव्हता ते मला त्या पाटावर बसून कळलं. भिंगात काही दोष नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी यंत्रं नंतर लावली. आधी काकांच्या समोर स्टूल ओढून बसले, काकांचा एक डोळा हाताने झाकला आणि म्हणाले, "मेरी नाक देखिए जी, सिर्फ नाक." मग स्वतःचा हात बाजूला लांब धरून बोटं दाखवली. "कितनी?" काका म्हणाले, "काय कितनी?" डॉक्टरांनी हात आत आणला. अजून आत. पार गालाजवळ आणला तेव्हा काका म्हणाले, "दो." मग दुसरा डोळा. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल. ना यंत्र, ना दिवा, ना पैसा. एक नाक आणि दोन बोटं.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांनी मला गाठलं. काचबिंदू म्हणाले. आत दाब वाढतो, नजर कडेकडून आत मरत येते, मधली शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. उजवा गेल्यात जमा आहे. डाव्यातलं जे उरलंय ते ऑपरेशन करून टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येत नाही. मग त्यांनी विचारलं, "आप कौन? बेटे हैं?"

"नहीं जी. मेरी चश्मे की दुकान है."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "सर्दियों में ले आते तो बहुत कुछ बच जाता."

थंडीत. थंडीत मी त्यांना गच्चीवर नेलं होतं. तुकडा दिसतो असं त्यांनी मला तोंडाने सांगितलं होतं. मराठीत सांगितलं होतं. यापेक्षा जास्त सरळ कोणता रोगी सांगेल?

ऑपरेशन झालं. उजवा डोळा गेला. डाव्यात जरासं भोक उरलं, दाराच्या कडीच्या फटीतून बाहेर बघावं इतकं. आणि काका येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगत असतील? "विनूने वेळेवर नेलं म्हणून हा तरी वाचला." समाचाराला आलेल्या प्रत्येकाला. माझ्या समोर. काकू माझ्या हातावर साखर ठेवायच्या. मी गप्प बसायचो. दुकानाचं नाव जाईल, काकांना आता त्रास कशाला, अशी कारणं मी स्वतःला द्यायचो. खरं कारण एकच. मला भीती वाटत होती. जवळजवळ दीड महिना मी ती साखर खाल्ली.

जुलैत ती माणसं निघाली. रेडिओवर दुसरं काही नव्हतं. इंदूरवर आठ दिवस ढग बसले होते, सूर्य दिसत नव्हता तर चंद्राचं काय घेऊन बसलात. ज्या रात्री ती उतरणार त्या दिवशी संध्याकाळी काकांचा निरोप आला, दुर्बीण गच्चीवर लाव. मी त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, काका, आभाळ बघा. मग जीभ चावली. ते म्हणाले, "तू बघ. मी थांबतो."

आम्ही तिघं गच्चीवर उभे राहिलो. काकूंच्या हातात छत्री. अंधार पडता पडता पश्चिमेला ढग जरा फाटले आणि चंद्र बाहेर आला, अर्ध्याला थोडा कमी. ढग पुन्हा मिटायच्या आत उरकायचं होतं. मी नकाशा मनात घोकून ठेवला होता. उजेड आणि सावली जिथे मिळतात त्या रेषेच्या जरा अलीकडे ते राखी मैदान. मी ते बरोबर मधोमध आणलं. मग काकांचं डोकं दोन्ही हातांत धरून डावा डोळा भिंगावर टेकवला.

"काही नाही दिसत," ते म्हणाले.

"हलू नका. मी तुम्हाला हलवतो." केसभर उजवीकडे. केसभर वर. चंद्र आपला पुढे सरकतच असतो, दर थोड्या वेळाने नळी त्याच्यामागे न्यावी लागते. एका हाताने नळी, एका हाताने काकांचं डोकं.

"थांब!" काका ओरडले. "आहे. आहे."

श्वाससुद्धा जपून घेत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सपाट आहे गं. राखेसारखं. एका बाजूला अंधार आहे आणि त्याच्या कडेला हे मैदान." काकू म्हणाल्या, "तिथेच का?" "तिथेच. आज रात्री." काकांच्या गालावरून पाणी ओघळून माझ्या मनगटावर आलं. ते म्हणाले, "विनू नसता तर हे दिसलं नसतं. यानेच माझी नजर सांभाळली."

आणि मला ते सहन झालं नाही. चांगल्या घडीला बोललो असं नाही, त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घडी मी नासवली. पण त्या वाक्यानंतर गप्प राहिलो असतो तर पुन्हा कधीच बोललो नसतो. मी म्हटलं, "काका, मी नाही सांभाळली. थंडीत तुम्ही म्हणालात तुकडा दिसतो. तेव्हाच तुम्हाला दवाखान्यात न्यायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, तेव्हा आणलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं. मी पाच महिने भिंगं घासत बसलो. दोष भिंगात नव्हताच."

काकूंच्या हातातून छत्री पडली. काकांनी डोळा भिंगावरून काढला नाही. मला वाटलं ऐकलंच नाही त्यांनी. ढग चंद्रावर आले, सगळं काळं झालं, तरी ते वाकलेलेच.

"डॉक्टरांनी हे कधी सांगितलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि तू आज बोलतोस."

"हो. मला माफ करा काका."

ते सरळ उभे राहिले. माझ्याकडे तोंड केलं, पण माझ्या जरा बाजूला. "माफी मागू नकोस. मी देणार नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी टाइमकीपर होतो. भोंगा पाच मिनिटं चुकला असता तर दोन हजार माणसांनी मला जाब विचारला असता आणि तो बरोबर होता. मला काय कळतं डोळ्यातलं? तुला कळायला पाहिजे होतं. तो तुझा धंदा आहे."

काकू रडत होत्या. "मी सुद्धा मेली चटणी चटणी करत बसले," असं काहीतरी म्हणत होत्या. काका त्यांना म्हणाले, "तू गप. तुझं नाही ते." मग हात पुढे केला. "खाली ने."

मी त्यांना जिन्यावरून उतरवलं. चौदा पायऱ्या. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी त्यावर वळ होते. शेवटच्या पायरीवर ते थांबले.

"दुकान किती वाजता खोलतोस हल्ली?"

"नऊला."

"साडेआठला मला घ्यायला ये."

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. सकाळी साडेआठला गेलो तेव्हा काका धोतर-कोट-टोपी घालून ओट्यावर तयार बसले होते. शेजारच्या घरात रेडिओ मोठ्याने लागला होता. माणूस चंद्रावर पाऊल टाकून चालत होता, गल्लीतली पोरं-म्हातारी सगळी खिडकीशी गर्दी करून ऐकत होती. मला वाटलं काका थांबतील. नाही थांबले. "चल," म्हणाले.

दुकानात मी त्यांना स्टुलाकडे नेऊ लागलो. ते म्हणाले, "तिथे नाही. खुर्चीजवळ." मी स्टूल तपासणीच्या खुर्चीशेजारी ठेवलं. ते बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

दहाच्या सुमाराला पहिलं गिऱ्हाईक आलं. सियागंजातल्या लोखंडाच्या दुकानाचे मुनीमजी, पन्नाशीचे, बोलके. आल्या आल्या म्हणाले, "लो भिया, आदमी चाँद पे पहुँच गया और मेरे को बही नहीं दिखती." मी खुर्चीत बसवलं, काचा घातल्या, ही बरी की ती बरी केलं. त्यांनी तक्ता वाचायला घेतला. शेवटची ओळ घडाघडा वाचली. मी नंबर लिहायला पेन्सिल उचलली.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं काका."

"नाही झालं."

मी पेन्सिल खाली ठेवली. मुनीमजींच्या समोर स्टूल ओढून बसलो. त्यांचा एक डोळा हाताने झाकला आणि म्हटलं, "मुनीमजी, मेरी नाक देखिए. सिर्फ नाक."

ते हसायला लागले. "ये क्या नया तमाशा है भिया?"

"तमाशा नहीं है जी," काका म्हणाले. "यही न देखने में मेरी आँखें गईं."

मुनीमजींचं हसू थांबलं. मी हात बाजूला लांब धरला. दोन बोटं उघडली.

"दो," ते म्हणाले.

मी हात वर नेला, खाली नेला. त्यांनी सगळीकडची बोटं सांगितली. मी काकांकडे पाहिलं. त्यांना माझं पाहणं दिसणार नव्हतं. त्यांनी मान कलती करून सगळं ऐकलं होतं.

"आता दुसरा डोळा," ते म्हणाले.